मावशींचे पासबुक

आमच्या वस्तीतला एक मुलगा परवा घरी आला. नुकताच बी. कॉम. झाला आहे. म्हणाला, “काका, डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा कोर्स करावा म्हणतो. पण मी कॉमर्सवाला. जमेल का?” मी म्हटले, “मीही कॉमर्सवालाच. बस, चहा घे.” त्याला सांगितले तेच इथे लिहितो. हा प्रश्न इतरही घरांत असणार.

मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. संस्थेत संगणक आला तेव्हा त्यावर बसायला कोणी तयार होईना, म्हणून मला बसवले. डेटाबेस या शब्दाची तेव्हा भीती वाटे. उघडून पाहिले तर आपल्याच खतावण्या! सभासदांचा एक तक्ता, ठेवींचा दुसरा, कर्जाचा तिसरा, आणि तिघांना जोडणारा सभासद क्रमांक. ही तक्त्यांची कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. नावे-जमा शिकलेल्याला त्यातले मर्म लवकर कळते. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर चांगला डेटाबेस तो अर्धा व्यवहार रद्द करतो. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही.

पण खरे काम मी चुकीतून शिकलो. २०१२ च्या पावसाळ्यात एका सोमवारी हार्ड डिस्क बंद पडली. मी निर्धास्त होतो. रोज संध्याकाळी बॅकअप घेत होतो, पडद्यावर ‘पूर्ण झाले’ असे येत होते. फाइल उघडली तर रिकामी. बाहेरच्या डिस्कवरची जागा केव्हाच भरली होती आणि प्रोग्रॅम मुकाट्याने रिकाम्या फाइली करत होता. शेवटची चांगली प्रत मार्चमधली. त्या मधल्या काळात मी एकदाही फाइल उघडून पाहिली नव्हती.

साहेब एवढेच म्हणाले, “आता?”

आम्ही चौघे व्हाउचरचे गठ्ठे काढून बसलो. काही ओलीने चिकटले होते. सभासदांना पासबुके घेऊन बोलावले. रस्ते झाडण्याच्या कामावरच्या एक मावशी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक घेऊन आल्या. “बाबा, माझे पैसे आहेत ना?” मला मान वर करवेना. त्यांची दोनशे रुपयांची एक पावती आमच्याकडे सापडली नाही, पासबुकात मात्र शिक्क्यासह होती. पासबुक खरे धरले. सगळा हिशेब जुळायला एकोणीस दिवस लागले.

मोठ्यांचेही असे होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला. प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती, हे कंपनीनेच जाहीर केले. सुमारे सहा तास आधीची एक प्रत होती, म्हणून निभावले. ते वाचले तेव्हा मनावरचा दगड थोडा हलला.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवतो आणि बेरीज तेरजेशी ताडून बघतो. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. रोखपालाला नोंद करता येते, पुसता येत नाही. रात्री घरी बसून एसक्यूएल शिकलो. एका तक्त्याला इंडेक्स लावला, म्हणजे पुस्तकामागे सूची असते तसा, आणि चाळीस मिनिटांचा अहवाल मिनिटात येऊ लागला. पद मात्र लिपिकच! दोनदा अर्ज केला, मंजूर झाला नाही. हेही मुलाला सांगितले. कंपनीत याच कामाला वेगळे पद आहे, पगार बरा आहे, पण रात्री-अपरात्री फोन येतात.

त्याला म्हटले, “पोस्टग्रेएसक्यूएल फुकट मिळते. जुन्या संगणकावर चढव. आईच्या बचत गटाची वही त्यात भर. मग स्वतःच सगळे पुसून टाक आणि बॅकअपवरून परत आण. सर्टिफिकेटच्या आधी हे कर.”

रविवारी पुन्हा आला. म्हणाला, “काका, आई वही देत नाही. म्हणते, झेरॉक्स काढून घे.”