तिखाडी

आमच्याकडे सध्या एका अत्तराची चर्चा चालू आहे. भाच्याने नोकरी सांभाळून मित्रासोबत छोटा ब्रँड काढायचं ठरवलंय. एकच सुगंध, साधी बाटली, वर खोका नाही, संपलं की तीच बाटली पुन्हा भरून मिळणार. "मावशी, एकदम मिनिमल आणि सस्टेनेबल!" इति भाचा. थोडं भांडवल त्याने माझ्याकडेही मागितलंय. सुगंध निवडलाय पामारोझाचा. पामारोझा म्हणजे आपली तिखाडी, हे मी सांगितलं तेव्हा स्वारी दोन मिनिटं गप्पच होती.

यवतमाळकडच्या वाचकांना तिखाडी सांगायला नको. बाकीच्यांसाठी, हे रोशा गवत. डोंगरउतारावर, विरळ जंगलात आपोआप वाढतं. पान चुरगाळलं की गुलाबासारखा वास येतो, पण त्याला एक तिखट गवती धार असते. पावसाळा सरल्यावर फुलोऱ्यात आलं की कापतात आणि वाफेवर तेल काढतात. शंभर किलो ओल्या गवतातून अर्धा किलो तेल निघालं तरी खूप झालं. आजीकडे ते औषधाच्या बाटलीत असे. "गुडघ्याले लाव, अन् बस उनात," एवढंच तिचं सांगणं. अत्तर वगैरे तिच्या गावीही नव्हतं!

पण जगाच्या गावी होतं. एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड, वऱ्हाडाकडचं हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तिथे ते गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळत. दोन्हींत जिरॅनिऑल नावाचा घटक असतो, म्हणून भेसळ खपून जाई. युरोपात या तेलाला नाव पडलं 'तुर्की जिरेनियम तेल'. ना ते तुर्की, ना जिरेनियम!

२००६ साली बर्लिनचे अत्तरकार गेझा शॉन यांनी 'मॉलिक्यूल ०१' आणलं. त्यात सुवासाचा घटक एकच, तोही प्रयोगशाळेत तयार झालेला. मिनिमल म्हणून त्याचं केवढं कौतुक झालं. तिखाडीच्या तेलात एकट्या जिरॅनिऑलचाच वाटा साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे मिनिमलपणा माळावर आधीपासून उगवत होताच.

राहता राहिलं सस्टेनेबल. चंदनाच्या तेलासाठी झाड मुळापासून काढावं लागतं. तिखाडीचं तसं नाही. वरून कापली की बुडख्यातून पुन्हा फुटते. इथवर भाच्याचं बरोबर आहे. पण भट्टीखाली काय जळतं, हे बाटलीकडे बघून कळत नाही. तेल काढून उरलेलं गवत वाळवून तेच जाळता येतं. ते न करता जंगलातलं लाकूड जाळलं, तर बाटली शंभर वेळा भरून दिली तरी काय उपयोग? आणि रानातलं सगळंच गवत बी धरण्याआधी कापून नेलं, तर पुढची तिखाडी कुठून येणार?

तिसरी गोष्ट माणसांची. आमच्या जिल्ह्यातले कोलाम, गोंड पिढ्यानपिढ्या जंगलाच्या आधाराने राहिलेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा वनवासी समाजांना, ते परंपरेने गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर मालकी हक्क दिला. म्हणजे रानातलं गवत घ्यायचं तर ते फुकटचं नाही, कुणाच्या तरी हक्काचं आहे. शेतात लावलेलं घेतलं, तरी कापणाऱ्या हातांना काय मिळालं हा प्रश्न उरतोच.

म्हणून मी भाच्याला सांगितलंय, पैसे देते, पण आधी तीन उत्तरं आण. गवत कुठलं, ते कापणाऱ्याला काय मिळालं आणि भट्टीखाली काय जळलं. तो आता तेलवाल्यांना फोन करत सुटलाय. दोघांनी उत्तर द्यायचं टाळलं, एकाने "भट्टी बघायला या" म्हटलं. दिवाळीनंतर आम्ही दोघं जाणार आहोत.

हे सगळं बाटलीवर लिही म्हटलं, तर म्हणतो लेबलवर जागाच नाही, मिनिमल आहे ना! बरं बाबा. मग निदान 'पामारोझा' खोड आणि 'तिखाडी' लिही. उलट एक अक्षर वाचेल.