उन्हाळ्यात हवा सोडू नका

मार्च सरला की बल्लारपुरात माझ्या टायरच्या दुकानावर रोज एक वाक्य ऐकू येतं : "भाऊ, ऊन तापून रायलं, हवा थोडी कमीच मारजा." म्हणणारा कधी राजुऱ्याकडचा ट्रॅक्टरवाला असतो, कधी पेपर मिलमधून निवृत्त झालेले काका, कधी सवारी घेऊन आलापल्लीला निघालेला जीपवाला. त्यांची भीती खोटी नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो, डांबर तर साठीच्याही पुढे तापतं. रस्त्याकडेला रबराच्या फाटक्या पट्ट्या दिसल्या, की हवा तापून फुगली आणि टायर फुटला असंच कुणालाही वाटेल. पण बहुतेक वेळा टायर फुटतो तो हवा कमी असल्यामुळे.

गाडीचं वजन पेलते ती हवा. रबर आणि आतल्या तारा त्या हवेला धरून ठेवतात. हवा कमी झाली की टायर बसतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. ताशी ८० किलोमीटरला मोटारीचं चाक मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं. बारीक तार हाताने सारखी वाकवत राहिलं की ती वाकते तिथे चटका बसण्याइतकी तापते, तसंच हे. आतल्या थरांची पकड सुटते आणि पट्टा उलगडून निघतो. बाहेरचं ऊन त्यात भर घालतं, पण मूळ आग आतली.

तापमानाबरोबर दाब वाढतो हे खरंच आहे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दर ६ अंशांना १ पीएसआय. सकाळी थंड चाकात ३२ भरलेली गाडी दुपारी चंद्रपूरहून परतली की गेज ३६ दाखवतं. कंपनीने ही वाढ धरूनच आकडा दिलेला असतो. पण माणूस घाबरतो आणि हवा सोडून काटा ३२ वर आणतो. रात्री चाक निवलं की तेच २८ वर उतरतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब त्याच चाकांवर नागपूरला निघतं. म्हणून गाडी निदान तीन तास उभी असेल तेव्हाच हवा तपासा. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला दाब कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. नायट्रोजनबद्दलही लोक विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन हवा असेल तर भरा, पण तेवढ्याने गेज लावायचं चुकत नाही.

सास्तीच्या खाणीकडून येणारे कोळशाचे ट्रक आणि सुरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या गाड्या यांची मला जास्त काळजी वाटते. जोडचाकांत आतला टायर बसला, तरी बाहेरून गाडी सरळ दिसते आणि दोघांचा भार एकटा शेजारी ओढतो. चालक लोखंडी रॉडने ठोकून आवाजावरून ओळखतात. टायर पार बसला असेल तर ते कळतं, पण वीस-पंचवीस पीएसआय कमी असेल तर चांगल्या कानालाही फसवतं. दोन चाकांत अडकलेला दगड तर रोज काढायलाच हवा. व्हॉल्व्हचं टोपण हरवलं तर लगेच नवं लावा. आमच्याकडची कोळशाची भुकटी व्हॉल्व्हमध्ये बसते आणि हवा हळूहळू गळते.

मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की खाचांमधल्या खुणेच्या पट्ट्या तिच्या बरोबरीला येतात. त्यानंतर पावसात पाणी बाहेर टाकायला जागाच उरत नाही. समृद्धी महामार्गावर घासलेल्या टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात झाली तेव्हा बरेच जण चिडले होते. मला ते पाऊल योग्यच वाटलं. १२० च्या वेगाला परवानगी असलेल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर घेऊन कुणी जाऊच नये.

थंडी सुरू झाली की उलटं होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात नीट भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे आपोआप तीन-चार पीएसआयने उतरते. ताडोब्याला पहाटे निघण्याआधी आदल्या दिवशी चारही चाकं पाहा, आणि स्टेपनीही बाहेर काढा. तिच्या बाजूवर ती कधी बनली ते सांगणारे चार अंक असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. एकदाही न वापरलेली स्टेपनी नवीकोरी दिसते, पण रबर पडून पडूनही कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर ती बदलूनच जंगलाच्या रस्त्याला लागा.