आईची तारीख

आईच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जून १९५०. ती गुरुजींनी दिलेली. जूनमध्ये शाळा उघडायची, वय अंदाजानं ठरायचं, आणि जन्माची नोंद नसलेल्या मुलांच्या नावापुढं १ जून पडायचा. सोलापुरात आमच्या गल्लीतली निम्मी वडीलधारी माणसं त्याच तारखेची.

त्यामुळे आईचा वाढदिवस आमच्या घरी कधी झालाच नाही. आम्हा तिघा भावंडांना, मग नातवंडांना तिनं दरवर्षी ओवाळलं. तिचा विचारला की म्हणायची, “मला कुठला आलाय वाढदिवस? मी पोलीस ॲक्शनची.”

हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यावर कधी थांबले नव्हते. २०२३च्या मे महिन्यात पुण्याहून माहेरी गेले होते, तेव्हा धाकट्या भाचीनं विचारलं, “आज्जी, ते कधी झालं?” मी सहज सांगून गेले, हैदराबाद संस्थानावरची भारतीय फौजांची ती कारवाई, सप्टेंबर १९४८. आणि बोलता बोलता लक्षात आलं, चार महिन्यांनी आईला पंच्याहत्तर पूर्ण होतील. कागदावर ती अजून बहात्तरचीच होती. पण सप्टेंबरची कोणती तारीख? आजी जाऊन तेवीस वर्षं झाली होती. सांगणारा एकच माणूस उरला होता, आमचा मामा.

आजीचं गाव नळदुर्गजवळचं. नळदुर्ग, तुळजापूर हा सगळा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, सोलापूर मात्र ब्रिटिश मुलखातलं, म्हणून स्वातंत्र्यानंतर लगेच भारतात. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांची दहशत वाढली तशी सीमेपलीकडची कितीतरी कुटुंबं सोलापूरकडे आली. आजोबा आले ते आजी, नऊ वर्षांचा मामा आणि एक गाठोडं घेऊन. आजीला तेव्हा दिवस गेले होते. हैदराबाद रस्त्यालगत एका नातेवाइकाच्या खोलीत त्यांनी आसरा घेतला.

मामा चौऱ्याऐंशी वर्षांचा. गिरणीत आयुष्य गेलं, त्या आवाजानं कान मंद झालेले. त्याच्या कानाशी वाकून आम्ही विचारलं आणि त्यानं डोळे मिटून सांगितलं, “गणपती बसले होते. रातभर लष्कराच्या गाड्या नळदुर्गाकडं चाललेल्या. आईनं मला हलवून उठवलं, म्हणली, शेजारच्या काकूला बोलव. पहाटे बाळ रडलेलं ऐकलं.”

“आणि मग?”

“मग पाचवीला, सांजच्याला, गल्लीत गूळ वाटलालते. मी म्हणलं, आपल्या घरी मुलगी झाली म्हणून अख्खी गल्ली गूळ वाटतीय! आबा म्हणले, निजाम शरण आला रे.”

एवढं पुरेसं होतं. भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्यानं संस्थानात शिरल्या त्या १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे. निजामानं हार मानली ती १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. जन्माचा दिवस धरून बोटांवर मोजलं तर पाचवा दिवस सतराच येतो. आजीच्या बाळंतपणाची पाचवी आणि मराठवाड्याची मुक्ती एकाच संध्याकाळी आली होती. आईचा जन्म १३ सप्टेंबरचा, वार सोमवार.

तारीख सांगितली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. हात थांबले. “सोमवार व्हय?” एवढंच म्हणाली आणि पुन्हा ताटाकडं वळली. रात्री झोपताना मात्र तिनं मला दोनदा विचारलं, “तेराच ना?”

१३ सप्टेंबर २०२३ला बुधवार होता. पहाटे तिला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं आणि कणकेचे पंच्याहत्तर दिवे लावून ओवाळलं. “कशाला गं एवढं करलालीस?” म्हणत ती पाटावर बसली खरी, पण दिवे लावून होईपर्यंत तिनं एकही नजरेआड होऊ दिला नाही. मोजून झाल्यावर म्हणाली, “पंच्याहत्तर म्हंजे तीन जुड्या की.”

ही विड्यांची मोजणी. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही तिघंही शिकत होतो. आई शेजारच्या तेलुगू बायकांकडून विड्या वळायला शिकली. मजुरी हजारावर. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या, अशा चाळीस झाल्या की हजार. पान भिजवायचं, मापानं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. त्यात छाट निघायची, तिचे पैसे नाहीत. मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसलेली आई, हेच आमच्या शाळेच्या दिवसांचं चित्र आहे. माझ्या कॉलेजची फी त्या सुपातून आली.

सगळ्यांना जमावं म्हणून जेवण रविवारी ठेवलं, १७ तारखेला. त्या दिवशी मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाची पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाल्याचे झेंडे लागले होते, आणि आमच्या घरी पुरणपोळ्या, आमटी, शेंगाचटणी, कडक भाकरी. आईला विड्या शिकवणाऱ्या तेलुगू मावशी काठी टेकत आल्या. “अक्का” म्हणून त्यांनी आईच्या गालावरून हात फिरवला आणि दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. ज्या बोटांनी आयुष्यभर पान वळलं, ती आता सरळ होत नाहीत.

दुपारी भाचीनं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. तिला मामानंच सांगितलं होतं की पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून घरात कागद-लेखणी ठेवतात. ती म्हणाली, “आज्जी, तुझ्या पाचवीच्या कागदावर आता तूच लिही.”

आई नगरपालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. सहीपलीकडं लिहायची वेळ तिच्यावर क्वचित आली. तिनं चष्मा लावला, पेन दोनदा धरून बघितलं आणि सावकाश, एकेक आकडा उमटवत लिहिलं: १३ सप्टेंबर १९४८. लिहून झाल्यावर कागद मामाकडं सरकवला. “दादा, बरोबर हाय का बघ.”

मामानं कागद डोळ्यांजवळ नेला. मान हलवली. मग ताटातला गुळाचा खडा उचलून तिच्या तोंडात घातला आणि म्हणाला, “त्या दिवशी तुझ्यासाठी वाटलालेत म्हणूनच मी खाल्लो होतो.”

आई त्या दिवशी रडली. बाबा गेले तेव्हाही चारचौघांत न रडलेली माझी आई मामाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आम्ही कुणी तिला आवरलं नाही.

आधार कार्डावर अजून १ जून १९५०च आहे. ते बदलण्याची गरज आईला वाटत नाही. तिनं लिहिलेला कागद देवघरात, काचेखाली आहे. दर सप्टेंबरला तेरा तारखेला घरी दिवे लागतात.

मामा २०२४च्या फेब्रुवारीत गेला. आम्ही आणखी एक वर्ष थांबलो असतो, तर आईची तारीख त्याच्याबरोबर गेली असती. तुमच्या घरात कुणी एक जूनचं असेल, दुष्काळातलं, पुरातलं, प्लेगातलं असेल, तर त्यांना ओळखणारं जुनं माणूस शोधा आणि आजच विचारा. उद्यावर ठेवू नका.