गाडीचे पासबुक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाकडून नातेवाइकांना दोनच गोष्टी हव्या असतात : लग्नसराईत कोऱ्या नोटा आणि एरवी सल्ला. कोऱ्या नोटा मिळवणे कठीण. सल्ला मी केव्हाही देतो. पण जुनी स्पोर्ट्स कार कशी पारखावी हे कोणी मला विचारील, असे बी.कॉम. होताना काय किंवा पुढे वीस वर्षे काउंटरवर बसताना काय, कधी वाटले नव्हते. माझे स्वतःचे वाहन म्हणजे एक स्कूटर, आणि ती तिरकी केल्याशिवाय सुरू होत नाही.

विचारणारा माझा भाचा. इंग्लंडात रेडिंगला नोकरीला असतो. त्याने ३,००० पौंड साठवले होते. त्यातले निम्मे ताईला, म्हणजे त्याच्या आईला, तिकडे नेण्यासाठी होते. ताईचे दोन स्वेटर विणून तयार होते, आणि नेमके अशा वेळी चिरंजीवांचे मन एका लाल माझदा आरएक्स-८ वर बसले.

"मामा, दिसायला दोन दारांची, पण मागे दोन गुप्त दारं आहेत!"

ती दारे उलटी उघडतात आणि पुढचे दार उघडल्याशिवाय उघडतच नाहीत. म्हणजे मागे बसणारा हा पोटभाडेकरू. मालक उठल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही.

मी चार रात्री वाचन केले. ही गाडी २००३ साली बाजारात आली आणि २०१२ साली बनायची बंद झाली. हिच्या इंजिनात पिस्टन नसतात. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेप्रमाणे दोन त्रिकोणी रोटर आत गरगर फिरतात. त्रिकोणाच्या टोकांना पट्ट्या असतात आणि त्या घासून झिजू नयेत म्हणून इंजिन आपण होऊन थोडे थोडे ऑइल आत सोडून जाळते. दुसऱ्या गाडीने ऑइल खाल्ले तर तो आजार. हिने खाल्ले तर ती प्रकृती! तेव्हा पेट्रोलच्या दर दुसऱ्या टाकीला ऑइल पाहायचे. आणखी एक : थंड गाडी सुरू करून चार हात पुढे घेतली आणि लगेच बंद केली, तर प्लग पेट्रोलने भिजतात आणि बाई रुसून बसते. आमच्या स्कूटरविषयी मला त्या रात्री प्रथमच आदर वाटला.

पण कागदपत्रे म्हटली की मी माझ्या मुलखात आलो. तिकडे गाडीची वार्षिक तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. गाडीच्या नंबरावरून तिचा सारा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो : कधी पास, कधी नापास, मैल किती, गंज कुठे. ते वाचताना मला कर्जदाराचे पासबुक चाळल्याचा आनंद झाला. आधीच्या वर्षापेक्षा पुढच्या वर्षी मैल कमी दिसले की समजावे, खाडाखोड आहे.

आपल्याकडे आर.सी. बुकावर हायपोथिकेशनची नोंद असते. कर्ज फिटले की फॉर्म ३५ भरून ती काढायची. तिकडच्या नोंदणीपुस्तकात कर्जाचा उल्लेखच नसतो. गाडी हायर पर्चेसवर असेल तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ती कंपनीची. म्हणून थोडे पौंड मोजून ती चौकशी वेगळी करायची. शिवाय रोड टॅक्स. २३ मार्च २००६ किंवा त्यानंतर नोंदलेली आरएक्स-८ सगळ्यात वरच्या पट्टीत जाते. एका दिवसाच्या फरकाने दरवर्षी शेकडो पौंड! मुदतठेव एक दिवस आधी मोडून व्याज घालवणारी माणसे मी रोज पाहतो, पण हा हिशेब त्यांच्याही वरचा.

लाल गाडी २००५ ची निघाली. कर्ज नाही, मैल सरळ चढत गेलेले. मी खूश झालो आणि भाचा तर नाचायलाच लागला.

रविवारी तो फोनवर कॅमेरा लावून उभा राहिला. मी सातासमुद्रापलीकडून तपासणी सुरू केली. आधी वाका. थंडीत तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने मागच्या चाकांवरची कमान आणि दाराखालची पट्टी गंजते. बरी होती. मग गाडी फिरवून आणायला सांगितली, चांगली वीस मिनिटे. बहुतेक गाड्यांची लबाडी इंजिन थंड असताना उघडी पडते. हिची गरम झाल्यावर पडते. आतल्या पट्ट्या झिजल्या की दाब उरत नाही आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू व्हायला नाही म्हणते.

फिरून आले. मालक मोठा गोड माणूस, पण इंजिन काही बंद करीना.

"बंद करायला सांग."

"तो म्हणतोय, कशाला, अशीच बघा ना."

"तू हात घालून किल्ली फिरव!"

फिरवली. मग पुन्हा चालू करायला गेला. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. दहा सेकंद, वीस सेकंद. मालक म्हणाला, बॅटरी. भाच्याने कॅमेरा हळूच लाल रंगावर नेला आणि म्हणाला, "मामा, रंग बघ ना."

"रंग तुझ्या आईच्या स्वेटरचाही लाल आहे," मी म्हणालो. जरा लागेल असे बोललो, पण लागले. तो आभार मानून बसस्टॉपवर गेला.

नवीन इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीइतका किंवा वर जातो. ताईचे तिकीट त्यातच गेले असते. पुढे दोन महिन्यांनी त्याला दुसरी सापडली, राखाडी. तिच्या मालकाने रोटरी इंजिनाची खास दाबतपासणी करून घेतलेली होती. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे सहा आकडे. सहाही एकमेकांशी जुळत होते. ताळेबंद जुळला की कारकुनाला काय वाटते हे मी कोणाला सांगू? १,४०० पौंडांत काम झाले.

ताई जूनमध्ये गेली. पोचल्याचा फोन आला.

"गाडी झकास आहे रे. पण मागे बसलं की दार उघडतच नाही. हा उतरला की मी आपली आत."

"मग पुढे बस की."

ताईचा आवाज एकदम खाली आला. "पुढे ती बसते ना."

"ती कोण?"

"चांगली आहे रे मुलगी. गाडीतलं ऑइल तीच बघते."