मेकॉनचा धनी कोण?

पुतळ्याच्या बैठकीखाली बारीक अक्षरांत कंपनीचं नाव होतं, हक्क राखीव होते, माल कुठल्या देशात बनला तेही होतं. फ्रँक हॅम्पसन मात्र कुठंच नव्हता.

आम्ही वेताळाच्या इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेले. मेकॉन मला काय ठाऊक! साउथपोर्टजवळच्या कार-बूट सेलमध्ये तो दिसला. हिरवा, भोपळ्याएवढं डोकं, वाळके हातपाय, तरंगत्या आसनावर बसलेला. विकणारे आजोबा चाळीस पौंडांखाली उतरेनात. म्हणाले, "हा आपल्या गावचा आहे."

ते खरं निघालं. 'ईगल' साप्ताहिक 14 एप्रिल 1950 रोजी सुरू झालं. त्यातल्या डॅन डेअर या अंतराळवीराचा हा शुक्रावरचा वैरी. हॅम्पसननं तो जन्माला घातला तेव्हा त्याचा स्टुडिओ इथल्याच चर्चटाउनमध्ये, एका जुन्या बेकरीत होता. माणूस भलता काटेकोर. यानांच्या प्रतिकृती बनवायचा, सहकाऱ्यांना वेश चढवून उभं करायचा, फोटो काढायचा आणि मग चित्र. सर ह्यूबर्ट या पात्रासाठी तर वडिलांनाच उभं केलं!

आणि हक्क? प्रकाशकाकडे. डॅन डेअरची घड्याळं निघाली, खेळण्यातली पिस्तुलं निघाली. हॅम्पसन पगारी चित्रकारच राहिला. 1959 मध्ये साप्ताहिकाचे मालक बदलले आणि त्याच वर्षी डॅन डेअर त्याच्या हातून सुटला. पुढे तो एका कॉलेजात ग्राफिक्स तंत्रज्ञ म्हणून नोकरी करत होता. तंत्रज्ञ! 1975 मध्ये इटलीतल्या लुक्का इथं, महायुद्धानंतरचा सर्वश्रेष्ठ चित्रकथाकार म्हणून त्याचा गौरव झाला. दहा वर्षांनी तो गेला.

खरं तर मीही पगारी सॉफ्टवेअर लिहितो. त्यावर माझं नाव नसतं, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. करार म्हणजे करार. मग याच माणसासाठी जीव का तळमळावा? कुणी म्हणेल, मेकॉन आणि पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर यांत फरक आहे. असेलही. पण कायद्याला तो कसा कळणार? चित्रं काढणाऱ्या पोरांना मी हल्ली एवढंच सांगतो, सही करण्याआधी कागद वाचा.

पुतळा मी घेतला, चाळीस पौंडांना. त्यातली एक पेनीही हॅम्पसनच्या घरी जाणार नाही, हे माहीत असून. बायको म्हणाली, "एवढा संताप होता तर घेतलास कशाला?"

काय सांगू, डोकं फार सुरेख घडवलंय.