रागावल्याचा गुण

इंदूरजवळच्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षे पॅकिंग विभाग सांभाळला. तीन शिफ्ट, आणि दर महिन्याला रिजेक्शनचा तक्ता. ज्या शिफ्टचा माल सर्वांत जास्त परत येई, तिच्या सुपरवायझरला मी बैठकीत सगळ्यांदेखत झाडत असे. पुढच्या महिन्यात ती शिफ्ट बहुतेक वेळा सुधारे. उलट ज्याची पाठ थोपटावी, त्याचीच घसरे. कौतुकाने माणसे बिघडतात, असे माझे ठाम मत झाले. घरी मुलांच्या अभ्यासालाही मी तोच नियम लावला. सौ. निमूटपणे ऐकून घेई.

एके दिवशी दुसऱ्या शिफ्टच्या काकांनी राजीनामा टेबलावर ठेवला. वयाने ते माझ्याहून मोठे. "साहेब, चूक असेल तर दाखवा. पण पोरांसमोर किती वेळा?" एवढेच बोलले.

ते गेल्यावर काही महिन्यांनी डॅनियल कानेमन यांचे एक पुस्तक हाती आले. कानेमन मानसशास्त्रज्ञ, २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तरुणपणी ते इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना शिकवत होते. तिथे एक अनुभवी प्रशिक्षक त्यांना अगदी माझेच मत ऐकवू लागला: शाबासकी दिली की वैमानिक पुढच्या वेळी चुकतो, रागावले की सुधारतो. कानेमननी जमिनीवर खडूने खूण केली आणि प्रत्येकाला पाठमोरे उभे करून दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिले नाणे ज्यांचे खुणेजवळ पडले, त्यांच्यापैकी बहुतेकांचे दुसरे लांब गेले. ज्यांचे लांब पडले होते, त्यांचे जवळ आले. नाण्यांना कोणी रागावले नव्हते! कामात कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो. फार वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा नेहमीसारखा जातो, इतकेच.

मी जुने तक्ते काढले. माझ्या आजारपणात चार महिने बैठक झाली नव्हती. त्या काळातही तळाची शिफ्ट दर वेळी वर आली होती. (हे तक्ते माझ्याच कपाटात होते, हे सांगताना आजही ओशाळायला होते.) आणखी एक दिसले. काकांचे वाईट महिने सगळे पावसाळ्यातले. त्यांची माणसे ज्या शेडमध्ये काम करत, तिथे पुठ्ठ्याचे खोके ओल धरत आणि टेप सुटे.

मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा दिला. परत मात्र येणार नाही म्हणाले. जावयाच्या दुकानात बसू लागले होते. निरोप देताना दारात म्हणाले, "ते खोके तेवढे उंचावर ठेवा, साहेब. मी दोनदा लिहून दिले होते."