गेंड्याच्या पाठीवरचे शिंग

भोकरच्या आमच्या वर्गात आम्ही एका जुन्या लाकडी ठशाच्या चित्राची छोटी, हाताने रंगवलेली प्रत फिरवली. चिलखत घातल्यासारखा गेंडा! एक मुलगी म्हणाली, "सर, याच्या पाठीवरही शिंग आहे."

गुजरातचे सुलतान मुझफ्फरशाह यांनी पोर्तुगिजांना भेट दिलेला हा गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने तो स्वतः पाहिलाच नव्हता. पत्र आणि रेखाटनावरून चित्र केले. ते जादा शिंग युरोपने दोनशेहून अधिक वर्षे खरे मानले.

आमच्याविषयीही अशी ऐकीव शिंगे रंगवली जातात. पण शेजाऱ्याला आम्ही कितीदा शिंगे लावली? त्या दिवशी फळ्यावर एवढेच लिहिले : आधी भेटा, मग बोला.